‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बंद? पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने देखरेख प्रणालीची ओळख

सरकारी खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकून परतणे गोमंतकीयांना नवे नाही. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूरच्या उंबरठ्यावर वसलेल्या पांढुर्णा व सौंसर या मराठी मुलखातही ते परिचयाचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा ठरला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, नवी संगणक जोडणी आणि तिची नवी जबाबदारी. अशा वेळी यंत्रणा बंद पडल्याची बातमी खिडकीपुढच्या रांगेकडून यावी की यंत्रणेनेच ती आधी द्यावी, हा प्रश्न तांत्रिक असला तरी त्याची झळ सामान्य माणसाला बसते.

या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत. पीककर्जासाठी शेतकऱ्याला खसरा व बी-१ची नक्कल लागते. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्याचे जे महत्त्व, तेच तिथे त्या नकलेचे. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. मुदतीत सेवा न दिल्यास जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये व कमाल ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. गोव्यातही कालबद्ध सेवांचा कायदा २०१३ पासून आहे. यंत्रणा खरोखर किती वेळ बंद होती आणि कोणाच्या हद्दीत, याची विश्वासार्ह नोंद नसेल, तर शेतकऱ्याची तक्रार आणि अधिकाऱ्याचा खुलासा दोन्ही निराधार ठरतात.

एक वाक्य, चार बिघाड

‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांआड किमान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कार्यालयातील वीज किंवा यूपीएस बंद असू शकते. अंतर्गत जाळ्यातील स्विच बिघडलेला असू शकतो. बाहेर जाणारी फायबरची वाहिनी तुटलेली असू शकते. किंवा सारे ठीक असूनही राजधानीतील मूळ पोर्टल प्रतिसाद देत नसेल. पहिल्या दोहोंचा उपाय स्थानिक तंत्रज्ञाकडे, तिसऱ्याचा इंटरनेट पुरवठादाराकडे आणि चौथ्याचा भोपाळकडे. हा भेद काही सेकंदांत करून देणे, हेच देखरेख प्रणालीचे पहिले काम.

अशी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांनी सुरू केलेले नॅगिऑस, २००१ मध्ये लॅटव्हियाच्या अलेक्सी व्लादिशेव यांनी खुले केलेले झॅबिक्स आणि २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत जन्मलेले प्रोमिथियस ही त्यांतील प्रमुख नावे. दोन शहरांत विभागलेल्या, मधली वाहिनी बेभरवशाची असलेल्या रचनेसाठी झॅबिक्सची ‘प्रॉक्सी’ ही सोय विशेष उपयुक्त असल्याने पुढील उदाहरण त्याचेच घेतले आहे.

उभारणी

मुख्य देखरेख सर्व्हर पांढुर्ण्यात आणि प्रॉक्सी सौंसरात, असे समजू. प्रॉक्सी स्थानिक यंत्रांची माहिती गोळा करते व मुख्य सर्व्हरकडे पाठवते. वाहिनी तुटली तर ती माहिती स्वतःजवळ साठवते आणि जोडणी परतताच पुढे धाडते. मात्र हा साठा मूळ मांडणीत एकाच तासाचा असतो. शनिवारी दुपारी तुटलेली वाहिनी सोमवारी जोडली गेली, तर मधली नोंद हरवेल. म्हणून ही मर्यादा ७२ तासांपर्यंत वाढवणे शहाणपणाचे. इशाऱ्याचा निर्णय प्रॉक्सी नव्हे, मुख्य सर्व्हर घेतो. तेव्हा ‘सौंसरकडून पाच मिनिटे काहीच आले नाही’ हाच एक स्वतंत्र इशारा ठेवावा लागतो.

प्रॉक्सी सक्रिय पद्धतीने चालवली की ती स्वतःहून मुख्य सर्व्हरच्या १००५१ या पोर्टशी संपर्क साधते. सौंसरच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येण्याची वाट उघडावी लागत नाही. हा संवाद कूटबद्ध करावा आणि प्रणालीसोबत येणारा सर्वश्रुत पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळवणेही तितकेच आवश्यक. घड्याळे जुळत नसतील तर नोंदीतील वेळेला अर्थ उरत नाही.

साठवणुकीचा हिशेब आधीच करावा. ४० यंत्रे, प्रत्येकी १०० मोजमापे आणि मिनिटाला एक नोंद धरली, तर दिवसाला ५७ लाख ६० हजार नोंदी होतात. एका आकडेवारी नोंदीला सुमारे ९० बाइट धरल्यास दिवसाला जवळपास ५२० एमबी आणि महिन्याला साडेपंधरा जीबी जागा लागते. म्हणून मिनिटागणिकची नोंद महिनाभर आणि तासागणिकची किमान, कमाल व सरासरी वर्षभर ठेवणे व्यवहार्य ठरते. डिस्कमधील मोकळ्या जागेसारखे मोजमाप दर मिनिटाला घेण्याचे कारणही नाही. पाच-दहा मिनिटांनी पुरते.

काय मोजावे, केव्हा ओरडावे

यंत्र जिवंत आहे का, डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, यूपीएसची बॅटरी किती चालेल, संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र कधी संपते आणि रात्रीचा बॅकअप खरोखर झाला का, एवढ्या गोष्टींपासून सुरुवात पुरेशी आहे. राज्याच्या पोर्टलचे पानही ठरावीक अंतराने उघडून पाहावे. स्थानिक वाहिनी सुरू आणि पोर्टल बंद, अशी नोंद झाली की बिघाड कोणाच्या हद्दीत आहे याविषयी वाद उरत नाही.

बहुतेक ठिकाणी प्रणाली फसते ती इशाऱ्यांच्या भडिमाराने. दिवसाला दोनशे संदेश येऊ लागले की तंत्रज्ञ एकही वाचत नाही, आणि त्यातच खरा धोका निसटतो. त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, एका चुकलेल्या तपासणीवर नव्हे, तर सलग तीन चुकल्यावर इशारा द्यावा. दुसरा, इशारा सुरू होण्याची व संपण्याची पातळी वेगळी ठेवावी. डिस्क १० टक्के मोकळी राहिली की इशारा आणि १५ टक्के मोकळी झाल्यावरच तो मागे, म्हणजे सीमारेषेवर संदेशांचा खेळ होत नाही. तिसरा, अवलंबित्व नोंदवावे. राउटर बंद पडल्यास त्यामागच्या बारा यंत्रांचे बारा नव्हे, राउटरचा एकच संदेश यावा.

संदेश कोणाला जाणार, हेही ठरलेले हवे. पहिल्या व्यक्तीने पंधरा मिनिटांत दखल न घेतल्यास तो दुसऱ्याकडे जावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगावच्या मध्ये जाम नदीवर गोटमार भरते आणि स्थानिक प्रशासन त्या बंदोबस्तात गुंतते. अशा दिवसांची पाळी आधीच लावलेली बरी. नियोजित दुरुस्तीची वेळही प्रणालीत नोंदवावी, म्हणजे खोटे इशारे येत नाहीत आणि दुरुस्तीचा काळ बिघाडात मोजला जात नाही.

पहारेकऱ्यावर पहारा

देखरेखीचा सर्व्हरच बंद पडला तर सारे शांत दिसते, आणि ती शांतता फसवी असते. म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून त्याची स्वतंत्र तपासणी हवी. महिन्यातून एकदा एखादी सेवा मुद्दाम थांबवून संदेश खरोखर पोहोचतो का, हे पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा.

आकड्यांची भाषाही समजून घ्यावी लागते. ‘९९ टक्के वेळ सुरू’ हे ऐकायला भारदस्त वाटते. पण ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सात तास बारा मिनिटे बंद, म्हणजे कार्यालयाचा जवळपास पूर्ण दिवस. ९९.९ टक्के म्हटले तर त्रेचाळीस मिनिटे. ही मिनिटे रात्रीची होती की कार्यालयीन वेळेची, हे टक्केवारी सांगत नाही, नोंद सांगते. ती नोंद महिन्याच्या अखेरीस कार्यालयाच्या फलकावर लावली, तर ‘उद्या या’ असे सांगणाऱ्याला कारण द्यावे लागेल आणि परत फिरणाऱ्याला ते पडताळून पाहता येईल.