पुढचें चाक उठतें तें कां?

नाशिकच्या गंगापूर रस्त्यानें एखादा तरुण पुढचें चाक अधांतरीं ठेवून जड मोटारसायकल पळवूं लागला, कीं पाहणाऱ्यास वाटतें, गाडी त्यानें मनगटाच्या बळावर उचलली. परंतु सुझुकी हायाबुसाचें वजन सुमारें २६५ किलो! उचलतें तें इंजिन.

बस एकाएकीं सुटली म्हणजे उभा उतारू मागें कलतो ना? तसेंच हें. रस्त्याचा पुढें ढकलणारा जोर मागच्या चाकाच्या तळाशीं लागतो. गाडीचा नि स्वाराचा गुरुत्वमध्य बराच वर असल्यानें मागें रेंगाळतो, आणि पुढचें टोक उठतें. तें जसजसें वर जाईल, तसतसा तो मध्य मागच्या चाकाच्या माथ्याकडे सरकतो. ती सीमा ओलांडली, तर गाडी स्वाराच्या अंगावर उलटते. तेथें तारून नेतो मागचा ब्रेक. म्हणून जाणता स्वार उजवें पाऊल त्यावरून हलवीत नाहीं.

पण रहदारींत एवढ्यानें भागत नाहीं. पुढचें चाक अधांतरीं असतां गाडी वळवितां येत नाहीं, आणि एरवीं थांबविण्याचें बहुतेक काम करणारा पुढचा ब्रेक निकामी ठरतो. गल्लींतून चेंडूमागें मूल धांवत आलें, तर? २०२१ सालच्या हायाबुसांत चाक उचलूं न देणारी विद्युत्-यंत्रणा आली. ती बंद करण्याचीही सोय आहे, आणि हौशी स्वार पहिल्यानें तीच शोधतो.