व्यसनाधीनाला सवलत, नवख्याला धाक

अमली पदार्थांचा विषय राजधानीत चार मंत्रालयांत विभागला गेला आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो गृह मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि सुयांवाटे पसरणारा एचआयव्ही रोखण्याचे काम आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'नाको'कडे. पहिल्या दोन दप्तरांना नशा करणारा मुख्यतः आरोपी दिसतो, उरलेल्या दोघांना रुग्ण. या विसंवादाची किंमत सर्वाधिक मोजतो तो अधूनमधून, मौजेखातर नशा करणारा तरुण. कारण तो कोणत्याच दप्तरात नीट बसत नाही.

या कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉईन वा कोकेनच्या केवळ सेवनासाठी एक वर्षापर्यंत, तर इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४ अ उपचार घेऊ इच्छिणाऱ्याला खटल्यातून सूट देते. परंतु ती फक्त 'व्यसनाधीना'ला आणि उपचार पूर्ण न केल्यास काढून घेता येणारी. व्यसनाधीन म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती, अशी कायद्याचीच व्याख्या आहे. म्हणजे ज्याला सवय जडली त्याला दार किलकिले. ज्याला अद्याप जडलेली नाही त्याला मात्र ते बंद.

वास्तविक धोका या दुसऱ्या गटालाही कमी नाही. पुडीत काय आणि किती आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. हेरॉईनसारख्या पदार्थाला दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाली की श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. काही काळ नशा सोडलेल्या माणसाची सहनशक्ती घटलेली असते. तुरुंगातून वा उपचारकेंद्रातून बाहेर पडल्यावर जुनी मात्रा त्याच्या जिवावर बेतते. अशा वेळी नॅलॉक्सोन हे औषध ओपिऑइडचा परिणाम उलटवू शकते. मात्र ते मिनिटांच्या हिशेबात मिळावे लागते. नेमक्या त्याच मिनिटांत सोबतचे मित्र रुग्णवाहिका बोलवावी की पळ काढावा, याचा विचार करीत असतात. कारण रुग्णवाहिकेमागोमाग पोलीस येतील, ही भीती.

प्रश्न किरकोळ नाही. 'एम्स'च्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरतात, तर सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. 'नाको'च्या २०२१ च्या आकडेवारीत एचआयव्हीचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.२१ टक्के, तर सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ९ टक्क्यांच्या घरात होते.

यावरचा मार्ग परका नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मणिपुरात सुयांवाटे एचआयव्ही वेगाने पसरला, तेव्हा त्या राज्याने १९९६ च्या एड्सविषयक धोरणात हानी कमी करण्याचा विचार स्वीकारला. २००७ पासून 'नाको'च्या तिसऱ्या टप्प्यात स्वच्छ सुया आणि तोंडावाटे घ्यायची पर्यायी औषधे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला. एकीकडे सरकारच सुई पुरवते आणि दुसरीकडे सरकारचाच शिपाई ती सुई पुरावा म्हणून जप्त करू शकतो, ही विसंगती तेव्हापासून कायम आहे.

धोके समजावून सांगणे म्हणजे नशेला मुभा देणे, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, पण टिकणारा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'नशामुक्त भारत अभियाना'तील दूर राहण्याचे आवाहन योग्यच; परंतु जो दूर राहिला नाही, त्याच्यासाठीही काही शब्द हवेत. एकट्याने घेऊ नये, दोन पदार्थ मिसळू नयेत, सुई वाटून घेऊ नये, बेशुद्ध मित्राला कुशीवर वळवून तत्काळ मदत मागवावी, ही माहिती व्यसन शिकवीत नाही; जीव वाचवते.

सेवनाला गुन्हा न मानण्याची शिफारस २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने महसूल विभागाकडे केल्याची वृत्ते होती. त्या मोठ्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वैद्यकीय मदत मागवणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी ती मागवली त्याला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देणारी एक छोटी दुरुस्ती करता येईल. तसे झाल्यास त्या मित्राला निदान पळून जाण्याचे कारण उरणार नाही.