भोक तळाशी का नाही?

स्टिरॉइडच्या स्प्रेबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचं सांगलीहून पत्र आलंय आणि त्यांनी नेमका माझा आवडता विषय उकरून काढलाय. गेल्या भागात गालाच्या पोकळीचं, म्हणजे गालाच्या हाडातल्या सायनसचं, तोंड पार वर, जवळजवळ छताशी असतं, असं वाचून ते अस्वस्थ झाले. लिहितात, ‘आउटलेट वर असलेल्या टाकीचं बिल मी कधी पास केलं नसतं. तुम्ही डॉक्टर मंडळी सरळ तळाशी एक भोक का पाडत नाही?’

पाडत होतो, साहेब. जवळजवळ शंभर वर्षं तेच करत होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभरच्या सर्जननी तुमच्यासारखाच हिशेब मांडला होता. पू साचतो, पाणी उताराकडे वाहतं, म्हणून वाट खाली हवी. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या आंरी ल्यूकने १८९७ मध्ये, एकमेकांचं काम ठाऊक नसताना, साधारण सारखीच शस्त्रक्रिया सांगितली. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाचं हाड फोडून पोकळीत शिरायचं, ‘सडलेलं’ अस्तर खरवडून काढायचं आणि नाकाच्या तळाजवळ आतून एक ऐसपैस खिडकी पाडून ठेवायची. दोघांची नावं जोडून ती कॉल्डवेल-ल्यूक म्हणून रूढ झाली. तुमच्या आधीच्या पिढीत कुणाचं ‘सायनसचं मोठं ऑपरेशन’ झालं असेल तर बहुधा हेच. त्यानंतर गाल महिनोन्‌महिने बधिर राहायचा, वरचे दात परके वाटायचे.

एवढं न करता भागवायचं तर पंक्चर. मी शिकत होतो तेव्हा बाह्यरुग्ण विभागात ते रोजचंच होतं. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा, मग खालच्या बाजूने जाड सुई हाडातून आत. हाड फुटताना कर्रकन आवाज यायचा, आणि तो आम्हाला येई त्याहून मोठा पेशंटला येई, कारण तो त्याच्या स्वतःच्याच डोक्यात व्हायचा. नंतर हनुवटीखाली ट्रे धरून पाणी सोडायचं. पिवळ्या गुठळ्या पडायच्या, पेशंटला लगेच हलकं वाटायचं आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा रांगेत दिसायचा. गंमत अशी की ते धुण्याचं पाणी बाहेर कुठून यायचं? वरच्या, मूळच्या तोंडातूनच. उत्तर रोज ट्रेमध्ये पडत होतं.

ते वाचलं ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी. श्वासमार्गाच्या अस्तरावर जी सूक्ष्म लव असते, तिची हालचाल माणूस गेल्यावरही काही तास चालू राहते. मेसरक्लिंगर यांनी नुकत्याच मृत झालेल्या माणसांच्या सायनसमध्ये शेंबूड कुठून कुठे जातो ते बारकाईने पाहिलं, चित्रित केलं. (अमेरिकेत अँडरसन हिल्डिंग १९३०च्या दशकातच शेंबडाच्या वाटांवर लिहीत होते, शस्त्रक्रियेच्या रिवाजावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.) मेसरक्लिंगर यांना जे दिसलं ते असं : गालाच्या पोकळीत प्रवास तळापासून सुरू होतो, चारी भिंतींवरून चांदणीसारखा वर पसरतो आणि छताजवळच्या त्या एकाच तोंडाशी एकवटतो. गुरुत्वाकर्षणाला तिथे कुणी विचारत नाही. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि वरचा चिकट थर मिनिटाला काही मिलिमीटर या चालीने पुढे सरकवते. तुम्ही उभे असा, झोपलेले असा किंवा शीर्षासनात असा, दिशा तीच.

आता सर्जनच्या खिडकीचं काय झालं? शेंबूड तिच्या काठापर्यंत येतो, वळसा घालतो आणि वर निघून जातो. मूळचं तोंड सुजेने बंदच असेल तर वर जाऊन अडकतो. कधी कधी तर वरून बाहेर पडलेला शेंबूड खालच्या खिडकीतून परत आत शिरतो आणि पुन्हा चढायला लागतो. हे चक्र मी दुर्बिणीतून कितीदा तरी पाहिलंय आणि दर वेळी थोडा वेळ नुसता बघत बसतो. मागे उभा असलेला निवासी डॉक्टर कंटाळतो, पण मला हे दृश्य सिनेमापेक्षा आवडतं.

आणि ते खरवडून टाकलेलं अस्तर! ‘सडलेलं’ म्हणून जे आम्ही काढून फेकत होतो, त्यातलं बरंचसं पुन्हा सुधारू शकलं असतं. काढलं की त्या जागी जे भरून येतं त्यात लव नीट येत नाही. पोकळी साफ करणारी यंत्रणाच साफ करून टाकण्याचा हा उद्योग होता, आणि मोठ्या निष्ठेने चालला होता.

मूळचं तोंड केवढं? दोन ते चार मिलिमीटर. तेही थेट नाकात उघडत नाही. एका अरुंद खाचेत उघडतं आणि ती खाच नाकातल्या मधल्या पडद्यासारख्या हाडाखाली, म्हणजे मिडल टर्बिनेटच्या आड असते. कपाळाच्या पोकळीची आणि डोळ्यांमधल्या पुढच्या कप्प्यांची वाटही याच गल्लीतून. अस्तराला थोडी सूज आली, दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, की मागे सगळं तुंबतं, आतला ऑक्सिजन कमी होतो, लव मंदावते. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आम्ही गालाला हातच लावत नाही. ती गल्ली मोकळी करतो. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांची काचदांड्यांची दुर्बीण नसती तर हे शक्य नव्हतं. ग्राझचेच हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत जगभर पोहोचवली. गल्ली मोकळी झाली की दुखणं संपलं असं मात्र कुणी समजू नये. बारा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळणाऱ्या सायनसच्या दुखण्यात अस्तराची सूज हाच मूळ आजार असतो, विशेषतः नाकात मांस वाढलेलं असेल तेव्हा. म्हणूनच तो स्प्रे, जो पुढच्या भागात येईल.

पत्राच्या शेवटी अभियंत्यांनी एक शंकाही जोडली आहे : माणूस चार पायांवरून दोन पायांवर उभा राहिला म्हणून ही चूक झाली का? असा युक्तिवाद करणारे अभ्यासक आहेत. मला तो तितकासा पटत नाही. लव धड असेल तर तोंड वर असण्याने काहीच बिघडत नाही; बहुतेक माणसं आयुष्यभर या रचनेवर मजेत जगतात.

लव मुळातच हलत नसेल तर? अशी माणसं असतात. झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये काही रुग्णांचं वर्णन केलं : सायनस कायम भरलेले, फुप्फुसाच्या नळ्या रुंदावलेल्या आणि हृदय उजवीकडे. या तीन गोष्टींचा मेळ १९७६ मध्ये ब्यॉर्न अफझेलियस यांनी लावला. या लोकांची लव जन्मतःच निकामी असते, आणि गर्भात हृदय कोणत्या बाजूला जायचं तेही अशाच लवेच्या हालचालीवर ठरतं. ती नसेल तर निकाल छापा-काट्याचा. अशा रुग्णांच्या गालाच्या पोकळीत आम्ही आजही तळापर्यंत मोठी वाट करतो, म्हणजे निदान उताराने तरी निचरा होतो आणि आतून धुता येतं. सांगलीकरांचा हिशेब तिथे तंतोतंत बरोबर येतो.

ज्यांचं जुनं मोठं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. पूर्वी खरवडलेली पोकळी सीटी स्कॅनमध्ये आक्रसलेली, जाड भिंतींची दिसते आणि काहीही त्रास नसताना ‘सायनुसायटिस’ असा रिपोर्ट हातात पडू शकतो. उलट, त्याच पोकळीत दहा-वीस वर्षांनी बंदिस्त गाठ होऊन गाल फुगल्याचीही उदाहरणं असतात. म्हणून स्कॅन काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. कागद हरवले असतील तर वरचा ओठ उचलून हिरडीवरचा व्रण दाखवा, तेवढ्यावर आम्हाला कळतं.