मोटार विमा : एजंटमार्फत की थेट कंपनीकडून?

सोलापुरात नवी मोटारगाडी घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. विमा एजंटमार्फत उतरवावा की थेट कंपनीकडून?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. त्याचा मूळ हप्ता केंद्र शासन ठरविते. म्हणून तो कोठेही घेतला तरी सारखाच पडतो. फरक संभवतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. थेट खरेदीत हा विमा काहीसा स्वस्त पडू शकतो. मात्र अटी वाचणे व अपघातानंतर कागदपत्रे सादर करणे ही कामे मालकाला स्वतः करावी लागतात. तेथे जाणकार एजंटचे साहाय्य मोलाचे ठरते. तथापि, एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ही गोष्ट विसरू नये.

विमा अधिनियम, १९३८ नुसार हप्ता भरल्याखेरीज कंपनीवर जोखीम येत नाही. एजंटने स्वीकारलेली रक्कम, सुट्ट्या वगळता, २४ तासांत कंपनीकडे पाठविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तेव्हा हप्त्याचा धनादेश कंपनीच्याच नावे द्यावा, पावती घ्यावी आणि पॉलिसी क्रमांकाची कंपनीकडे खात्री करावी. पॉलिसी बनावट निघाल्यास अपघातग्रस्ताच्या भरपाईचा भार मालकावरच पडतो.

कंपनीने तक्रारीची दखल न घेतल्यास पुणे येथील विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.