बेडकाच्या वतीने कोण बोलणार?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला ‘परवानगी’ हा शब्द नवा नाही. बांबू असो, तेंदूपत्ता असो की सरपण, जंगलातल्या वस्तूला हात लावायचा तर कागद हवा, हे इथल्या कैक पिढ्यांनी अनुभवले आहे. पण प्राण्यांवर संशोधन करायलाही परवानगी लागते, असे सांगितले की ऐकणारा हसतो. “बेडूक धरायला कसली आली परवानगी? पावसाळ्यात आमच्या बांधीत टोपलीभर सापडतात,” असे सिंदेवाहीकडच्या एका धानउत्पादक शेतकऱ्याने मला ऐकवले होते.

तरीही ती लागते. का लागावी, हे मी गेली काही वर्षे जवळून पाहतो आहे. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावणे आले, तेव्हापासून.

आमच्या विद्यार्थिदशेत असल्या समित्या कुणी ऐकल्याही नव्हत्या. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक ही प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलची ओळखच होती. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचाच निर्देश दिला. आज विद्यार्थी ते संगणकाच्या पडद्यावर आणि प्रतिकृतींवर शिकतात.

संशोधनाची गोष्ट वेगळी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी ती व्यवस्था संस्थांच्या दारापर्यंत आणली. प्रयोग करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, स्वतःची नैतिकता समिती नेमायची आणि संशोधकाने ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा. उंदीर-सशांसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची समिती निकालात काढते. मोठ्या प्राण्यांसाठी दिल्लीच्या समितीकडे जावे लागते.

या साऱ्यामागचे सूत्र १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी मांडले. प्राण्याविना काम भागत असेल तर प्राणी वापरू नका. वापरावाच लागला तर कमीत कमी वापरा. आणि वापराल त्याला होणारा त्रास कमीत कमी ठेवा. आपल्याकडे त्यात चौथी गोष्ट जोडली गेली, ती पुनर्वसनाची. प्रयोग संपला म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही.

समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच खुर्ची. नियमानुसार ती शास्त्राबाहेरच्या, समाजभान असलेल्या व्यक्तीची. आमच्याकडे त्या खुर्चीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात.

एका वर्षी एक विद्यार्थिनी प्रस्ताव घेऊन आली. शेतकऱ्याच्या घरातली, पीएच.डी. करणारी. धानाच्या बांधीत फवारलेल्या कीटकनाशकांचा बेडकांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. विषय उत्तमच. बेडूक धानावरचे किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार. त्यासाठी तिला साठ बेडूक मारून त्यांचे यकृत तपासायचे होते. बाईंनी विचारले, “साठच का गं? चाळीस का नाही? आणि मारल्याशिवाय कळणारच नाही, हे कशावरून?”

मुलगी गोंधळली. म्हणाली, “मॅडम, आधीच्या प्रबंधात साठच घेतले होते.”

खोलीत कुणी बोलले नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, “मग हा आकडा तुझा नाहीच. तुझा आकडा घेऊन ये.”

ती गेली, संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे बसली आणि नवी योजना घेऊन आली. रात्री बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून फवारलेल्या व न फवारलेल्या बांध्यांची तुलना करायची, अंडी आणि बेडूकमासे मोजायचे, पाण्याचे नमुने तपासायचे. मारायचे बेडूक उरले अठरा, तेही आधी पूर्ण बधिर करून. प्रस्ताव लहान झाला खरा, पण संशोधन मोठे झाले. आता तिच्या हाती नुसते यकृत नव्हते, अख्खी बांधी होती.

पण याला दुसरी बाजू आहे. सुधारित योजना मंजूर करायची बैठक बाहेरगावचे सदस्य न आल्याने दोनदा पुढे गेली. शिक्कामोर्तब झाले तेव्हा धान कापणीला आले होते. बेडूक ओरडतात ते पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे. मुलीचे एक वर्ष गेले. एक वर्ष म्हणजे खोलीचे भाडे, खानावळ आणि घरी लग्नाची घाई करणारे नातेवाईक. प्राण्याच्या वेदनेचा विचार करणाऱ्या व्यवस्थेने संशोधकाच्या ऋतूचाही विचार करायला नको का?

या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, ते मुलांना प्रत्येक कामासाठी नागपूर गाठावे लागू नये म्हणूनच. सिरोंच्याहून नागपूर म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास. त्यातून प्राणी वन्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी, आणि पहिल्या परिशिष्टातला असेल तर केंद्राची पूर्वसंमतीही. हे सगळे असावेच. पण समितीची बैठक रोहिणी नक्षत्राआधी ठरलेल्या दिवशी व्हावी, एवढे मागणे फार नाही.

कुणी म्हणेल, प्राण्यांवरचे प्रयोग बंदच करा ना! मला गिधाडे आठवतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे ती मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण गुरांना दुसरे औषध कोणते द्यायचे? मेलॉक्सिकॅम निर्धोक आहे, हे ठरवायला ते आधी काही गिधाडांनाच द्यावे लागले. थोड्या मात्रेपासून सुरुवात करून, पाळतीवर ठेवून. जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात बोटेझरीला पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे आणली गेली. त्यांच्या जगण्यात त्या प्रयोगाचाही वाटा आहे.

म्हणून प्रश्न प्रयोग करायचा की नाही, एवढाच नाही. प्रयोगाआधी ‘का’ आणि ‘किती’ असे विचारणारे कुणी समोर बसले आहे की नाही, हा आहे. बेडकाला अर्ज लिहिता येत नाही, हरकत घेता येत नाही. त्याच्या वतीने बाई बोलल्या. मुलीच्या वतीने मात्र त्या टेबलाशी कुणी बोलले नाही.

ती दुसऱ्या पावसाळ्यात टॉर्च आणि ध्वनिमुद्रक घेऊन बांधीवर गेली.