वडवानलाच्या काठीं एक दिवस

समुद्र ओलांडणें कलियुगांत वर्ज्य, असें आमचे धर्मशास्त्राचे निबंधकार सांगत आले. तो निषेध आतां पोथीपुरताच उरला आहे. मला अडवीत होता तो निषेध नव्हे, आमचा वाडा. नागपुरांत महालांतील हा वडिलोपार्जित वाडा दोन पावसाळ्यांपासून भिंतीभिंतींतून तडकत चालला होता. धाकटे बंधू म्हणत, "दादा, आतां हा सोडूं या". आणि घरांतील वडील या नात्यानें मी नाहीं म्हणत होतों. असें घर मागें टाकून परदेशीं जाण्यास मन घेईना. अखेर चिरंजीवांच्या आग्रहास्तव २०२५ च्या ऑक्टोबरांत, दसरा आटोपून, मी व आमचें कुटुंब मुलगा, सून व नातू यांच्यासह ग्रीस देशाच्या जलप्रवासास निघालों. त्या प्रवासांतील एका दिवसाची ही हकीकत आहे.

पहाटे आमची आगबोट सांतोरिनी बेटाच्या आखातांत शिरली. भोंवतीं काळ्या, तांबड्या व राखी थरांचे १००० फूट उंचीचे कडे उभे होते. त्यांच्या माथ्यावरील पांढरीं घरें पाहून कोणी बत्तासे मांडून ठेविले आहेत असें वाटे. हें आखात म्हणजे ज्वालामुखीचें खचलेलें पोट होय. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीं येथें प्रचंड स्फोट झाला. पोटांतील शिलारस राखेच्या रूपानें बाहेर पडतांच वरचें छत कोसळलें, आणि जेथें भूमि होती तेथें समुद्र आला. आखाताची लांबी सुमारे ७ मैल व रुंदी ४ मैल आहे. कांहीं ठिकाणीं पाणी १२०० फुटांहून अधिक खोल असल्यामुळें मोठ्या आगबोटी बहुधा नांगर न टाकतां तरंगतच उभ्या राहतात, व उतारू लहान होड्यांतून कांठास जातात. तेथून गांव गांठण्यास जवळजवळ ६०० पायऱ्या आहेत. परंतु पाळण्याची सोय असल्यानें आमच्या गुडघ्यांची परीक्षा टळली.

त्यापूर्वीं सकाळीं आम्ही आखाताच्या मध्यावरील नेआ कामेनी या बेटावर उतरलों. १७०७ सालीं हें समुद्रांतून वर येऊं लागलें, आणि येथील अखेरचा उद्रेक १९५० सालचा. भूगर्भाच्या हिशेबानें ही कालचीच गोष्ट. झाड जवळजवळ नाहींच. काळ्या खडकांच्या भेगांतून गंधकाची वाफ येत होती, आणि हात जवळ नेला तर ऊब लागे.

नातवानें विचारलें, "आजोबा, असा दगड आपल्याकडे आहे का?"

"आहे तर," मी म्हणालों. "सीताबर्डीची टेकडी कशाची आहे?"

महाराष्ट्राचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा शिलारसच आहे. आजहि त्याचा विस्तार सुमारे २ लक्ष चौरस मैल भरतो, आणि त्याची पूर्वेकडील कड नागपुरापाशीं येते. नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत टाकळीजवळ या पाषाणाच्या थरांमधील गाळांत शंखशिंपल्यांचे व वनस्पतींचे अवशेष शोधून काढले. म्हणजे एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत तेथें तळीं भरलीं होतीं व त्यांत जीव नांदत होते. मग आमच्याकडे असा स्फोट कां झाला नाहीं? स्वयंपाकघरांतील उदाहरणानें तें नातवास समजलें. पातळ कढी उतूं जाऊन पसरते. घट्ट पिठलें आंतील वाफेनें उसळून अंगावर उडतें. आमचा शिलारस पातळ होता, सांतोरिनीचा घट्ट व वायूंनीं भरलेला.

महाभारतांत और्व ऋषींचा क्रोधाग्नि समुद्रांत टाकिल्याची कथा आहे, तोच वडवानल. शाळेंत तीस वर्षें मी ती कविकल्पना म्हणून शिकविली. तेथें चोहोंकडे पाणी आणि पायाखालीं ऊन खडक पाहून त्या कल्पनेचें मला प्रथमच भय वाटलें.

दुपारीं आम्ही आक्रोतिरी येथील उत्खनन पाहिलें. त्या स्फोटाच्या राखेखालीं गाडलेलें हें नगर स्पिरिडॉन मारिनातोस यांनीं १९६७ सालापासून खणून काढिलें. दुमजली-तिमजली घरें, दगडी जिने, सांडपाण्याचे मार्ग, आणि कोठारांत ओळीनें उभे रांजण! येथील भिंतीवर निळ्या माकडांचें एक चित्र सांपडलें आहे. तीं आपल्याकडील वानरें असावींत, असें मत कांहीं विद्वानांनीं २०२० सालीं मांडलें. महालाच्या कौलांवर उड्या मारणारीं वानरें मला आठवलीं.

परंतु खरें आश्चर्य पुढेंच होतें. या नगरांत स्फोटांत सांपडलेल्या माणसांचे सांगाडे मिळालेले नाहींत, मौल्यवान जिनसाहि फारशा नाहींत. आधीं भूकंप झाले. लोकांनीं पडझडीचे दगड बाजूस रचून डागडुजीहि आरंभिली होती. मग धोका ओळखून, भरलेले रांजण तसेच ठेवून, ते निघून गेले.

आमच्या वाटाडी बाई त्याच बेटावरच्या. २०२५ च्या फेब्रुवारींत सहस्रावधि धक्के बसले, तेव्हां दहा हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले होते. मीं विचारलें, "तुम्हीहि गेलां होतां?"

"गेलें. आईला घेऊन गेलें. घर कोठें जाणार होतें?" त्या हंसून म्हणाल्या. धक्के थांबल्यावर त्या परत आल्या.

रात्रीं आगबोटीच्या कठड्याशीं आम्ही दोघें उभीं होतों. कड्यावरचे दिवे दूर जात होते. आमचें कुटुंब बराच वेळ गप्प होतें. मग म्हणालें, "रांजण ठेवले, माणसें नेलीं. शहाणीं होतीं हो." वाड्याचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं, घेण्याचें कारणहि नव्हतें. डागडुजी आरंभून तीच शेवटपर्यंत धरून बसणारा कोण, हें मला कळून चुकलें होतें.

नागपुरास परतल्यावर मीं बंधूंस आपण होऊन बोलाविलें. दत्तजयंतीच्या आधींच आम्ही तिन्ही बिऱ्हाडें त्यांनीं पाहिलेल्या भाड्याच्या घरांत राहावयास गेलों. देव प्रथम नेले, मग आमच्या नव्वदीच्या काकू, मग मुलें. माजघरांतील पणजीचा रांजण दारांतून निघेना, म्हणून तो तेथेंच ठेविला. पहिल्या रात्रीं पंगतीला एकवीस पानें मांडलीं होतीं. मीं मोजून पाहिलें. एकहि कमी नव्हतें.