रेडटेल कॅटफिशला किती खाऊ घालावं?

शोभेच्या माशांच्या दुकानात रेडटेल कॅटफिशचं बोटभर पिल्लू दिसलं, की पाय थबकतात. काळपट पाठ, पांढरा पट्टा, केशरी शेपटी आणि लांबलचक मिश्या. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांत हाच मासा मीटरभराहून लांब होतो. घरच्या टाकीतही तो झपाट्याने वाढतो, कारण तोंडात मावेल ते गिळतो. शेजारचा मासा गिळतो आणि तळातला खडासुद्धा!

त्याने तोंड उघडलं म्हणजे भूकच लागली असं नव्हे. नदीत रोज शिकार मिळेलच याची खात्री नसते, म्हणून मिळेल तेव्हा ताव मारायचा हा त्याचा स्वभाव. टाकीत रोजच ताव मारायला मिळाला, तर चरबी साठते, यकृत बिघडतं आणि विष्ठेतल्या व उरलेल्या अन्नातल्या प्रथिनांमुळे पाण्यात अमोनिया वाढतो. पिल्लांना रोज थोडं द्यावं. मोठ्या माशाला मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. पोट किंचित गोल दिसलं, की हात आखडावा.

सर्वांत वाईट सवय म्हणजे जिवंत गोल्डफिश खायला सोडण्याची. पाहायला थरार वाटतो, पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. सतत हाच आहार मिळाला, तर मासा खाणं सोडतो, त्याचा तोल जातो, झटकेही येतात. शिवाय अशा माशांबरोबर रोग आणि परजीवी टाकीत शिरतात. थायमिनेज कोळंबीतही असतं, म्हणून नुसत्या कोळंबीवर भागवू नये. बकऱ्याचं किंवा गुराचं काळीज तर टाळलेलंच बरं. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही.

मग द्यायचं काय? बुडणारे चांगल्या प्रतीचे पेलेट हा पाया. जोडीला चिलापीचे काटे काढलेले तुकडे, तिसऱ्यांचं मांस, स्वच्छ मातीतली गांडुळं आणि अधूनमधून सोललेली कोळंबी. फ्रीजरमधले तुकडे आधी पूर्ण वितळू द्यावेत. दिवा मालवल्यावर ते तळाशी टाकावेत: मिश्यांवरच्या स्वादकलिकांनी चाचपत मासा अंधारातही नेमका तिथे पोहोचतो. निसर्गात तो पाण्यात पडलेली फळंही खातो.

काचेला चिकटून राहणारा सकर मासाही कॅटफिशच, पण त्याचं ताट निराळं. त्याला काकडी, दुधी, पालक आणि कुरतडायला लाकूड हवं.

उपाशी ठेवून रेडटेल लहान राखता येतो, हा समज निव्वळ खोटा आहे. त्याने मासा खुजा आणि आजारी होतो, एवढंच. हजारो लिटरची टाकी आणि वर्षानुवर्षांचा खाण्याचा खर्च झेपणार नसेल, तर ते पिल्लू दुकानातच राहू द्या.